एक्केचाळीसची हजेरी

१

सकाळी सात ते नऊ उज्ज्वला कामाशिवाय कोणाचा फोन घेत नसे, सख्ख्या आईचासुद्धा नाही. आईनेही आता तक्रार करणं सोडलं होतं. "तुझं काय बाई, दूध उतू जातंय का बघत बसायचं," असं म्हणून ती गप्प व्हायची, आणि ते फारसं खोटं नव्हतं.

बीडमध्ये एका पेंडीच्या दुकानावरच्या मजल्यावर ती खोली होती. खोलीत एक लोखंडी कपाट, दोन खुर्च्या, रडतखडत चालणारा एसी, आणि कोपऱ्यात जाळीच्या दारामागे सर्व्हर. त्या उन्हाळ्यात जिल्ह्यात एकशे बत्तीस चारा छावण्या चालू होत्या. प्रत्येक छावणीत हजेरी घेणारा एक माणूस होता. तो सकाळी मोबाइल उघडायचा, एकेका जनावराच्या कानातला बिल्ला टिपून 'हजर' दाबायचा, आणि सगळी झाली की 'पूर्ण'. नऊच्या ठोक्याला त्या हजेरीवरून चाऱ्याच्या चिठ्ठ्या निघत आणि चिठ्ठ्यांवर गाड्या सुटत. चिठ्ठी नाही तर गाडी नाही, आणि गाडी नाही तर तिथली जनावरं त्या दिवशी उपाशी. हे सगळं काम एका संस्थेकडे होतं आणि सर्व्हरपाशी बसायला संस्थेने उज्ज्वलाला नेमलं होतं.

अडचण एकच, सगळे एकदम येत. डेटाबेसला एका वेळी दोनशे कनेक्शनं झेपत. पंगतीत दोनशे पानं मांडलेली असावीत, तसं. जो बसला तो उठेपर्यंत त्याचं पान अडलेलं. एखादा जेवतही नाही आणि उठतही नाही, तर दारात उभा असलेला माणूस उपाशी परत जातो. अशा बसून राहिलेल्यांना हुडकून उठवायचं, हे उज्ज्वलाचं काम. पडद्यावर यादी असे: कुठली छावणी, किती वेळ बसली, आणि शेवटी स्थिती. सगळ्यात जास्त वेळ बसलेली ओळ बघायची आणि तोडायची. पुण्याहून फोनवर शिकवणाऱ्या अमरसिंह सरांनी पहिल्याच दिवशी तिला हे सांगितलं होतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी नऊला पंगत उठली. चिठ्ठ्या निघाल्या, गाड्या सुटल्या. यादी रिकामी व्हायला हवी होती, पण एक ओळ उरली होती.

छावणी ४१. नाव: हरणी. वाट पाहत आहे.

उज्ज्वलाने ती दोनदा वाचली. एक्केचाळीस नंबरची छावणी बंद होऊन तीन आठवडे झाले होते. ती बंद कशी झाली हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

तिने ओळ तोडली आणि खाली जाऊन चहा घेतला.

२

एक्केचाळीस नेकनूरच्या वरच्या माळावर होती. जनावरं शहाण्णव, आणि हजेरी घ्यायला बंकट नावाचा म्हातारा. पिढ्यान्‌पिढ्या गुरं राखणारं घर. बाकीच्या छावण्यांची हजेरी वीस मिनिटांत उरकायची. बंकटची दोन-दोन तास चालायची.

कारण एवढंच की बंकट मोजत नसे. जित्राब मोजलं की घटतं, हे त्याने आज्याकडून ऐकलेलं. त्यांच्या घरात हाक मारायची रीत होती. जनावराचं नाव घ्यायचं आणि थांबायचं. जनावराने मान वर करून बघितलं की ते आपल्या दावणीचं, ते आहे. मान वर होईपर्यंत पुढची हाक नाही. मोबाइलवर बिल्ल्याच्या नंबराखाली 'नाव, असल्यास' असा एक रकाना होता. जिल्हाभर सगळ्यांनी तो कोरा सोडला होता. बंकटने शहाण्णवच्या शहाण्णव नावं भरून घेतली होती, आणि तो मोबाइल उघडा धरून हरणीपासून हाका मारत बसायचा. तेवढा वेळ एक पान अडलेलं.

एप्रिलमध्ये छावण्या वाढल्या, गर्दी झाली, सर्व्हर धापा टाकायला लागला. उज्ज्वलाने यादी पाहिली. सगळ्यात जुनी ओळ एक्केचाळीसची. तिने तोडली. अर्धवट हजेरी पुसली गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच ओळ वर होती, पुन्हा तोडली.

त्या दुपारी माळावरून फोन आला होता. बंकटची बायको साखराबाई कुठल्या तरी टेकाडावर चढून रेंज धरून बोलत होती. "बाई, काल गाडी न्हाई, आज बी न्हाई. जनावरं हंबरायलीत."

"मावशी, हजेरीच पूर्ण होत नाही तुमची. त्यांना सांगा, लवकर उरका. नुसतं दाबत जायचं, काय इतका वेळ लागतो?"

"त्येंचं तसंच हाय. हाक मारल्याबिगर त्ये दाबत न्हाईत."

"मग मी काय करू?" उज्ज्वला म्हणाली होती.

तिसऱ्या दिवशीही तिने ओळ तोडली. त्या दिवशी बाकी एकशे बत्तीस छावण्यांचा चारा वेळेवर गेला आणि अमरसिंह सरांनी तिला शाबासकी दिली. सलग तीन दिवस हजेरी नाही म्हणजे छावणी रिकामी, असा नियम होता. नियमाने एक्केचाळीस आपोआप बंद झाली. पुढे काय झालं ते उज्ज्वलाने विचारलं नाही. संस्थेचा मोबाइल कोणीतरी आणून दिला, तिने तो कपाटात टाकला आणि कुलूप लावलं.

३

बुधवारी ओळी दोन झाल्या. हरणी आणि मोरी.

गुरुवारी पाच झाल्या. तोडलेली ओळ परत यायची, आणि परत येताना एकटी यायची नाही.

"कनेक्शन गळतंय कुठंतरी," अमरसिंह सर फोनवर म्हणाले. "जुनी अर्धवट हजेरी अडकली असेल, ॲप ती पुन्हा पुन्हा पाठवत असेल. त्या मोबाइलचं बघ."

उज्ज्वलाला हे पटलं. पटावं अशी तिची फार इच्छा होती. तिने कपाट उघडलं. मोबाइल पिशवीत जसाच्या तसा होता, पाठीवर ४१ लिहिलेली पट्टी. सिम काढलेलं, बॅटरी फुगून मागचं झाकण उचललेलं. चार्जरला लावला तरी उठला नाही. हाताला मात्र गरम लागला. मे महिन्यात बीडमध्ये लोखंडी कपाटातली कुठली वस्तू गार असते, असं तिने स्वतःलाच विचारलं आणि पुन्हा कुलूप लावलं.

तिने एक्केचाळीसचं खातं बंद केलं. परवानगी काढून घेतली. सर्व्हर बंद करून चालू केला. शनिवारी ओळी एकोणीस होत्या. प्रत्येकीत एक नाव: चांदी, गवळण, ढवळी, पाखऱ्या. एकही काही मागत नव्हती, काही लिहीत नव्हती. नुसत्या बसलेल्या.

आणखी एक गोष्ट तिने सरांना सांगितली नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. सर्व्हरच्या पंख्यांचा एक ठरलेला आवाज असतो. गर्दी वाढली की चढतो, ओसरली की उतरतो. त्या आठवड्यापासून जाळीच्या दारामागून त्या आवाजाच्या खाली दुसरा एक आवाज येऊ लागला होता. दळल्यासारखा, ओला, सावकाश. जबडा डावीकडून उजवीकडे जावा, थांबावा, पुन्हा यावा. पेंडीचं दुकान खाली आहे, दारात बैलगाड्या उभ्या असतात, तिथून येत असेल, असं तिने ठरवून टाकलं. मग एकदा खिडकीतून वाकून पाहिलं. दुकान बंद होतं, रविवार होता.

सोमवारी ओळी एकाहत्तर झाल्या. एकशे बत्तीस आणि एकाहत्तर, दोनशे तीन. साडेआठला चौसाळ्याच्या छावणीतून फोन आला की मोबाइल 'जागा नाही' म्हणतोय. त्या दिवशी तीन छावण्यांना चिठ्ठी मिळाली नाही.

उज्ज्वलाने दोनशेचे अडीचशे करून पाहिले. पानं वाढली, पण वाढपी तोच एक. सर्व्हर इतका मंदावला की बसलेल्यांनाही काही मिळेना. मुकाट्याने तिने पुन्हा दोनशे केले.

४

दुपारी ती नेकनूरची बस धरून गेली. आपण कशाला जातोय हे तिला नीट सांगता आलं नसतं.

साखराबाई घराबाहेर लिंबाखाली बसली होती. दावण समोरच होती. खुंट्या ओळीने रोवलेल्या, जमीन झाडलेली, आणि प्रत्येक खुंटीला दावं गुंडाळून ठेवलेलं. जनावर एकही नव्हतं. उज्ज्वलाने आपलं नाव आणि काम सांगितलं. साखराबाईने आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला.

"फोनवर तूच बोललीस न्हवं?"

"हो."

"दिंद्रुडच्या छावणीत जागा हाय म्हनून कुनीतरी सांगितलं. निगालो समदे घिऊन. उनाचं. तीन दिसाची उपाशी जनावरं, किती चालतील? धा कोसात निम्मी पडली. उरलेली लोकांनी बाजारात घातली, मिळंल त्याला." ती हे दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं सांगत होती. "आन्‌ ह्ये पडलेल्यापाशी जाऊन हाक मारायचे. नाव घ्यायचे आन्‌ थांबायचे. मी म्हनलं, आवो चला, ती न्हाई आता. तर म्हनले, हजेरी अर्धी र्‍हायलीय."

उज्ज्वलाने तांब्या खाली ठेवला.

"दुसऱ्या दिशी रस्त्यावरच बसले. पुन्यांदा उठले न्हाईत."

"मावशी, माझं चुकलं," उज्ज्वला म्हणाली. ते जवळजवळ चार आठवड्यांनी निघालं आणि फार लहान वाटलं.

साखराबाई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "तू तरी काय करनार? तुला कुठं ठावं, ती कोन कोन हुती," ती म्हणाली. "पन बाई, हाक मारलेलं जनावर तसंच उभं ठिवू न्हाई. येक तर त्याला बोलवावं, न्हाई तर मुळात नावच घिऊ न्हाई. अर्ध्यात सोडलं की त्ये हिकडचं र्‍हात न्हाई आन्‌ तिकडचं बी."

निघताना उज्ज्वलाने एकदा मागे वळून पाहिलं. साखराबाई तिथेच बसून होती, दावणीकडे तोंड करून.

५

बुधवारी सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी ओळी शहाण्णव झाल्या आणि तिथे थांबल्या.

आठ वाजता अठ्ठावीस छावण्या बाहेर होत्या. फोन वाजायचा थांबेना. चौसाळा, दिंद्रुड, पाटोद्याकडच्या दोन. "मॅडम, काल बी आमचा चारा आला न्हाई. आज न्हाई आला तर जनावरं सोडून द्यावी लागतील." आवाज साखराबाईचा नव्हता, पण वाक्य त्याच जातीचं होतं. परवा, काल आणि आज मिळून तीन दिवस होत होते. आज नऊ वाजता काही छावण्या नियमाने आपोआप बंद होणार होत्या.

तिने शहाण्णव ओळी एकदम तोडल्या. डोळ्याचं पातं लवायच्या आत शहाण्णव परत आल्या.

आठ बारा झाले होते. तिने फोन बंद केला, खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्या ओळीतलं नाव मोठ्याने वाचलं. "हरणी." मग भरभर, "मोरी, चांदी, गवळण..." काही झालं नाही. आपण वेड्यासारखं काय करतोय, असं मनात आलं. बाहेर लख्ख ऊन होतं, रस्त्यावर रिक्षा वाजत होत्या, आणि एक पदवीधर बाई सर्व्हरला गाईंची नावं वाचून दाखवत होती.

मग तिला बंकटची रीत आठवली. घाई करायची नसते.

"हरणी," तिने हाक मारली. आणि थांबली.

जाळीच्या दारामागचा दळण्याचा आवाज बंद झाला. एक क्षण नुसते पंखे ऐकू येत होते. मग तिथे काहीतरी जड हललं, गळ्यातली घाटी एकदा वाजली, आणि नाकातून सोडलेला एक ऊन श्वास उज्ज्वलाच्या पोटरीला लागला.

पडद्यावर हरणीपुढे 'हजर' आलं. ओळ मिटली. एक पान मोकळं झालं, आणि त्याच क्षणी चौसाळा आत आली.

उज्ज्वला मागे वळली नाही. वळली असती तर पुढची हाक तिच्या तोंडून निघाली नसती. "मोरी," ती म्हणाली आणि थांबली. घाटी वाजली. "चांदी." थांबली. खोलीत कडब्याचा आणि ओल्या शेणाचा वास भरत चालला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलं नाही, कारण हात हलवायची भीती वाटत होती. एकेका नावाला वीस-पंचवीस सेकंद लागत होते. प्रत्येक नाव ती नीट उच्चारत होती, साखराबाईपुढे जे लहान वाटलं होतं ते आता शहाण्णव वेळा म्हणत होती. काही नावांना वेळ लागला. लंगडीला तर दोन मिनिटं लागली. उज्ज्वला थांबली.

नऊला एक मिनिट कमी असताना शेवटची ओळ मिटली. खोली एकदम मोकळी झाली, वाससुद्धा गेला. नऊला चिठ्ठ्या निघाल्या. सगळ्या. एकही छावणी राहिली नव्हती.

तिने टेबलावर डोकं ठेवलं आणि ती हुंदके देऊन रडली. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच तिला हलकं वाटलं.

६

साडेअकराला हनुमानचा फोन आला. हनुमान चाऱ्याची गाडी चालवायचा. दिंद्रुडचा माणूस, कामावर लागून चारच दिवस झालेले.

"मॅडम, माझी येक गाडी ज्यादा निगाली आज. यादीत नव्हती, पन चिठ्ठी हुती. म्हनलं पोचवून सांगावं."

उज्ज्वलाने चिठ्ठ्यांची संख्या पाहिली. एकशे तेहतीस.

"कुठली चिठ्ठी?"

"येक्केचाळीस. नेकनूरच्या वरचा माळ. उतरवला चारा."

"हनुमान, तिथं कोणी नाही."

"कावून न्हाई? शंभरेक जनावरं हायेत की. लई भुकेली. नुसती तुटून पडली. पन येक बी हंबरत नव्हतं, त्येचं नवल वाटलं. धूळ लई हुती, धड दिसत नव्हतं, म्या जरा लांबच थांबलो." मागे गाडीचं इंजिन चालू होतं. "हजेरीवाला बाबा हाय तितं येक. चांगला मानूस. म्हनला, आमची हजेरी अर्धी र्‍हायलीती, आज पुरी झाली. कुनी घेतली? म्हनलं, आमच्या बीडच्या मॅडमनं."

उज्ज्वलाने पडद्यावरचा आकडा पुन्हा पाहिला.

"तर नाव पुसलं त्येनं तुमचं."

"तू सांगितलंस?"

"सांगितलं की. मॅडम? त्यात काय झालं? ध्यानात ठिवतो म्हनला."

दुसऱ्या दिवशी ती सातला दहा मिनिटं कमी असतानाच येऊन बसली. छावण्या अजून यायच्या होत्या. यादी रिकामी असायला हवी होती, पण एक ओळ होती. काल अकरा वाजून पाच मिनिटांपासून ती बसलेली होती.

छावणी ४१. नाव: उज्ज्वला. वाट पाहत आहे.

ती ओळ तिने तोडली नाही. तोडल्यावर काय होतं ते तिला माहीत होतं. दोनशेतलं एक पान गेलं तरी एकशे नव्व्याण्णव उरतात, एकशे बत्तीस छावण्यांना ते पुष्कळ झाले, असा हिशेब तिने मनाशी केला. तो हिशेब बरोबर होता.

सात वाजता छावण्या येऊ लागल्या. पंख्यांचा आवाज चढला. त्या आवाजाच्या खालून, जाळीच्या दाराच्या पलीकडून, कोणीतरी तिला नावाने हाक मारली. आवाज म्हाताऱ्याचा होता आणि त्यात माया होती. राग कुठेच नव्हता. हाक मारून तो थांबला.

उज्ज्वलाने हनुवटी छातीला टेकवली आणि नजर टेबलावर रोवून ठेवली. मान दुखायला लागली होती. नऊ वाजायला अजून दोन तास होते, आणि बंकटला कधीच घाई नसायची.